यादी एक, पुस्तकं अनेक



‘पुस्तकांची यादी टेबलावर आहे.’ हे वाक्य लिहिताना ‘आहे’च्या जागी ‘आहेत’ कुणी लिहील का? पाचवीतलं मूलही लिहिणार नाही. तेच वाक्य इंग्रजीत घ्या: ‘अ लिस्ट ऑफ बुक्स इज ऑन द टेबल.’ इथे मात्र चांगल्या शिकलेल्या माणसाच्या हातूनही ‘इज’ऐवजी ‘आर’ लिहिलं जातं. याचं कारण मला असं दिसतं, की आपण इंग्रजी एकेक सुटा शब्द करून वाचतो. इंग्रजी वाचायची असते गटागटानं. या गटालाच व्याकरणात फ्रेज म्हणतात.

गट ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या जागी एकच शब्द बसवून पाहा. ‘अ लिस्ट ऑफ बुक्स’ काढून ‘इट’ ठेवा, ‘ऑन द टेबल’ काढून ‘देअर’ ठेवा. ‘इट इज देअर.’ वाक्य छान उभं राहतं. पण ‘ऑफ बुक्स इज’ हे तीन शब्द एकत्र उचलून पाहा; त्यांच्या जागी काहीच बसत नाही, कारण तो गटच नव्हे.

प्रत्येक गटात एक शब्द मुख्य असतो. मराठीत तो बहुधा शेवटी येतो. ‘माझ्या मोठ्या भावाच्या नव्या घराचं अंगण’ म्हणताना भाऊ, घर सगळे पुढे चालतात आणि अंगण क्रियापदाच्या शेजारी येऊन थांबतं. इंग्रजीत मुख्य नाम आधी येऊन जातं आणि ‘ऑफ’, ‘विथ’, ‘इन’ यांचा पसारा त्याच्या मागून येतो. त्यामुळे ‘लिस्ट’ लांब राहते, ‘बुक्स’ क्रियापदाला खेटून बसतं आणि आपला हात चुकतो.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय लागत: ‘स्तान’ म्हणजे दगड, ‘स्तानेस’ म्हणजे दगडाचा. हे प्रत्यय हळूहळू झिजले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर व ‘ऑन’, ‘ऑफ’सारख्या छोट्या शब्दांवर येऊन पडलं. म्हणून आपलं ‘टेबलावर’ एका शब्दात भागतं, तिथे इंग्रजीला तीन शब्द लागतात. षष्ठीचा तो ‘एस’ मात्र टिकला, आणि आता तो अख्ख्या गटाला लागतो. ‘द किंग ऑफ डेन्मार्क्स सन’ यात ‘एस’ जोडलाय डेन्मार्कला, पण मुलगा आहे राजाचा! आपणही ‘सीता, गीता आणि मीरा यांना’ म्हणतो, तेव्हा त्या ‘यांना’नं तिघींना एकत्रच बांधतो.

वाक्य म्हणजे गटात गट, ही मांडणी लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली ‘लँग्वेज’ या ग्रंथात केली. नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये तिला नियमांचं रूप दिलं. पण वर्गात मला या नावांपेक्षा एक वाक्य अधिक उपयोगी पडतं: ‘द टीचर वेलकम्ड द गर्ल विथ फ्लॉवर्स.’

फुलं कुणाच्या हातात? ‘विथ फ्लॉवर्स’ मुलीला जोडलं तर मुलीच्या. ‘वेलकम्ड’ला जोडलं तर बाईंच्या. मराठीत लिहायचं तर आधी ठरवावंच लागतं: ‘फुलं घेऊन आलेल्या मुलीचं स्वागत केलं’ की ‘मुलीचं फुलं देऊन स्वागत केलं’? मी मुलांना या वाक्याचं चित्र काढायला सांगते. कुणी फुलं मुलीच्या हातात काढतं, कुणी बाईंच्या. दोन्ही चित्रं मी फळ्याशेजारी लावते, आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य, गटांभोवती वेगवेगळ्या ठिकाणी कंस घालून.