परक्या दारातील उतारवय
(न्यासाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्हिसा, बँकेतली ठेव आणि विमा असल्या रुक्ष विषयावर एका शाळामास्तराने बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गोव्यातील आपल्या मंडळीत ज्याचे कोणीच परदेशी नाही असे घर विरळा. मुले आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत. आणि साठी उलटलेले आईबाप इकडे. निवृत्तीनंतर राहावे कोठे, हा प्रश्न आपल्या आजोबांच्या काळी कोणी विचारीत नसे. आता तो घरोघर विचारला जातो. म्हणून 2020 साली कोरोनाची साथ आली तेव्हा परक्या देशात राहणाऱ्या निवृत्त माणसांचे काय झाले, ते आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरण मुख्यतः थायलंडचे घेतो. उबदार हवा, स्वस्त राहणी आणि चांगली इस्पितळे यांमुळे युरोप-अमेरिकेतील पुष्कळ पेन्शनर तेथे जाऊन राहतात. त्यांच्यासाठी त्या सरकारने दीर्घ मुक्कामाचा वेगळा व्हिसा ठेविला आहे. साथीच्या वेळी त्याच्या मुख्य अटी अशा होत्या. वय 50 पूर्ण पाहिजे. बँकेत 8 लाख बाट, म्हणजे त्या वेळच्या दराने 18 लाख रुपयांहून अधिक, ठेव पाहिजे. किंवा दरमहा 65 हजार बाट उत्पन्न पाहिजे. परवानगी वर्षाची, दरवर्षी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन 1,900 बाट भरून ती वाढवून घ्यावयाची. ठेवीच्या आधारे मुदत वाढविणाऱ्याने अर्जापूर्वी दोन महिने आणि नंतर तीन महिने ती रक्कम पूर्ण ठेवावी, पुढेही ती 4 लाखांखाली जाऊ देऊ नये, असा 2019 पासूनचा नियम. शिवाय दर 90 दिवसांनी आपला पत्ता कचेरीत कळवावयाचा.

यात आणखी एक बारीक कलम आहे, आणि पुढची सारी कथा त्यावर फिरते. मुदत शिल्लक असली तरी देशाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो; एका खेपेचा 1,000 बाटांना, अनेक खेपांचा 3,800 बाटांना. तो न घेता बाहेर गेल्यास वर्षाची परवानगी तेथल्या तेथे संपते. दहा वर्षे तेथे राहिलेल्या माणसाचाही मुक्काम असा एका शिक्क्यावर अवलंबून असतो.

आता 2020 चा मार्च महिना डोळ्यांपुढे आणा. 26 मार्चपासून थायलंडमध्ये आणीबाणी लागू झाली. एप्रिलच्या आरंभी परदेशातून येणारी प्रवासी विमाने बंद झाली. त्या दिवशी निवृत्तांचे दोन वर्ग पडले. एक आत असलेल्यांचा, दुसरा बाहेर असलेल्यांचा. दोघांचे वय तेच, ठेव तीच, कागदही तेच. कोणी नातवाला पाहावयास मायदेशी गेला होता, कोणी शस्त्रक्रियेसाठी, कोणी भावाच्या अंत्यविधीसाठी; त्यांस परतीची वाट बंद झाली.

आत असलेल्यांस सरकारने सवलत दिली. मुदत संपली तरी दंड नाही. एरवी मुदतीबाहेर राहिल्यास दिवसाला 500 बाट आणि जास्तीत जास्त 20 हजार बाट दंड असतो. ही माफी प्रथम एप्रिलअखेर, मग 31 जुलै, मग 26 सप्टेंबर, आणि शेवटी 31 ऑक्टोबर 2020 पर्यंत वाढली. पुढे कचेरीत अर्ज करून साठ दिवसांची वाढ मिळू लागली. प्रत्येक तारीख जवळ आली की माणसे धास्तावत, आणि अखेरच्या दिवसांत नवी तारीख जाहीर होई. तरी डोक्यावर छप्पर होते, ओळखीचा डॉक्टर होता.

बाहेर असलेल्यांचे हाल निराळे. त्यांचे भाड्याचे घर, सामानसुमान, औषधांची फाईल आणि बँकेतली ठेव आत. आणि ते स्वतः बाहेर. वर्षाची मुदत वाढवावयाची तर कचेरीत स्वतः हजर राहिले पाहिजे, आणि हजर राहण्यासाठी देशात शिरता आले पाहिजे. कित्येकांची मुदत अशीच बाहेर बसल्याबसल्या संपली आणि सारे पहिल्यापासून करणे आले. सरकारने दार उघडले तेही क्रमाने. थाई नागरिकांचे नवराबायको व मुले आणि कामाचा परवाना असलेले लोक अगोदर. निवृत्तांचा क्रम त्यांच्यामागून, वर्षाच्या अखेरीकडे लागला. ज्यांचे रक्ताचे किंवा लग्नाचे नाते होते, ज्यांच्या हातांना काम होते, त्यांस हाक आधी आली. ज्याने केवळ ठेव ठेविली होती तो मागे राहिला.

दार उघडल्यावरही वाट सोपी नव्हती. वकिलातीकडून प्रवेशाचे प्रमाणपत्र, प्रवासापूर्वीची तपासणी, 1 लाख डॉलरचा कोरोना-विमा आणि उतरल्यावर ठरवून दिलेल्या हॉटेलात स्वखर्चाने पंधरवडाभर विलगीकरण. ऑक्टोबर 2020 मध्ये खास पर्यटक व्हिसा निघाला. 90 दिवसांचा, दोनदा वाढवून एकूण 270 दिवसांचा. निवृत्तीचा कागद गमावलेल्या कित्येकांस त्याचा आधार वाटला. पण तो तात्पुरता होता, आणि आता बंद झाला आहे. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी ‘थायलंड एलिट’ या सभासदत्वाचा मार्ग धरला. पाच वर्षांसाठी त्या वेळी 5 लाख बाट. ही ठेव नव्हे, परत न मिळणारी वर्गणी. जुलै 2021 मध्ये फुकेत बेट लस घेतलेल्यांसाठी खुले झाले, नोव्हेंबर 2021 मध्ये नियम सैल झाले आणि जुलै 2022 मध्ये नावनोंदणीची अट उठली. म्हणजे सव्वादोन वर्षे गेली. सत्तरीतल्या माणसाच्या आयुष्यात सव्वादोन वर्षे किती, हे आपणांपैकी ज्येष्ठांस सांगावयास नको.

विम्याची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. दीर्घ मुक्कामाच्या व्हिसास 2019 च्या अखेरीपासून तेथे आरोग्य विमा सक्तीचा झाला; बाह्यरुग्ण उपचारांसाठी 40 हजार आणि इस्पितळातील उपचारांसाठी 4 लाख बाट. 2021 मध्ये ती मर्यादा 1 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 30 लाख बाट, करण्यात आली. आता पंचाहत्तरीच्या माणसास नवा विमा देण्यास कंपन्या नाखूष असतात, आणि दिला तर जुने आजार वगळून देतात. ठेव साठविता येते. वय मागे नेता येत नाही.

थायलंडचेच असे झाले असे मात्र समजू नये. मलेशियाची ‘माय सेकंड होम’ योजना, म्हणजे ‘माझे दुसरे घर’, 2002 पासून प्रसिद्ध होती. दहा वर्षांचा व्हिसा, परदेशातून दरमहा 10 हजार रिंगिट उत्पन्न, आणि पन्नाशीवरच्यांस दीड लाख रिंगिट ठेव. 2020 मध्ये नवे अर्ज घेणे थांबले. सप्टेंबर 2020 मध्ये साथ जास्त असलेल्या देशांच्या नागरिकांस बंदी झाली. तीत भारत होता, आणि या योजनेचे सभासदही सुटले नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये नव्या अटी जाहीर झाल्या. उत्पन्न 10 हजारांचे 40 हजार, ठेव 10 लाख रिंगिट, व्हिसा पाच वर्षांचा. 2024 मध्ये अटी पुन्हा बदलल्या. नाव ‘दुसरे घर’ असले तरी अटी घरमालकाच्याच.

आखाताकडे वळू या, कारण तेथे आपलीच माणसे आहेत. अमिरातीत तीस-तीस वर्षे नोकरी केलेल्यांचा मुक्काम नोकरीशी बांधलेला असतो. 19 मार्च 2020 पासून, हाती वैध रहिवासी व्हिसा असूनही, बाहेर गेलेल्यांस परत येणे बंद झाले. जूनपासून आगाऊ मंजुरी घेऊन हळूहळू परतता आले. त्याच वर्षी सप्टेंबरात दुबईने निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा जाहीर केला. वय 55, आणि दरमहा 20 हजार दिरहम उत्पन्न, किंवा 10 लाखांची शिल्लक, किंवा 20 लाखांची मालमत्ता. सोय चांगली, पण ती कोणासाठी, हे आकडेच सांगतात. दुकानात, गोदामात, जहाजावर आयुष्य घालविलेल्या आमच्या बांधवांसाठी ती नाही.

आणि आपला देश? आपल्याकडे परदेशी निवृत्तांसाठी असा स्वतंत्र व्हिसाच नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांस ओसीआय कार्ड मिळते. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या पुष्कळ कुटुंबांचे इकडचे येणेजाणे त्याच कार्डावर चालते. हे कार्ड आजन्म समजले जाते. तरी 13 मार्च 2020 पासून त्यावरील व्हिसामुक्त प्रवास स्थगित झाला. 22 मे रोजी काही जणांस मोकळीक मिळाली, तीत घरातील मृत्यूसारख्या प्रसंगी येणारे होते; सर्वांस ऑक्टोबरात मिळाली. मधल्या काळात आईचे शेवटचे आजारपण ज्यांना दुरूनच काढावे लागले, त्यांस ‘आजन्म’ या शब्दाचा अर्थ कळला.

हे सारे सांगण्यात कोणत्याही सरकारास दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या नागरिकांचा जीव वाचविणे हे सरकारचे पहिले कर्तव्य, आणि त्या पहिल्या वर्षी थायलंडने साथ बरीच आटोक्यात ठेविली, हेही खरे. मुद्दा इतकाच, की दीर्घ मुक्कामाचा व्हिसा ही यजमानाने दिलेली मुभा आहे, तो हक्क नव्हे. सुखाच्या दिवसांत दोहोंतला फरक दिसत नाही; संकटात तोच पहिल्यांदा दिसतो. पाहुणा कितीही जुना झाला तरी अडचणीच्या दिवशी यजमान आधी आपल्या माणसांची पाने मांडतो.

तर मग जाऊच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. मुलाजवळ राहावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. परंतु जाणाऱ्याने चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, एवढे आमचे सांगणे.

पहिली, सगळी पुंजी एका देशाच्या अटीत अडकवू नये. ठेव तिकडे गुंतली आणि आपण इकडे अडकलो, तर औषधपाण्याला हाती पैसा पाहिजे. दुसरी, इकडचे घर, निदान एक खोली, मोडू नये. परतावयास जागा असली तर माणूस धीराने वाट पाहतो. तिसरी, विमा तब्येत धडधाकट असतानाच घ्यावा आणि खंड पडू देऊ नये. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही. देश सोडताना, दोन दिवसांसाठी का होईना, पुनःप्रवेशाचा परवाना आणि मुदतीची तारीख दोन्ही पाहून घ्यावी.

चौथी गोष्ट आमच्या भगिनींसाठी, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्कळ ठिकाणी पत्नीचा मुक्काम पतीच्या परवानगीवर आश्रित म्हणून असतो. पती गेला की तिच्या मुक्कामाचा आधारही जातो. दुःखाच्या त्या आठवड्यात तिला परक्या भाषेतले अर्ज भरावे लागू नयेत, यासाठी तिच्या नावे स्वतंत्र खाते, स्वतंत्र विमा आणि जमेल तेथे स्वतंत्र परवानगी अगोदरच करून ठेवावी. कागद कोठे आहेत हे तिला ठाऊक असावे. किती घरांत हे ठाऊक असते, याचा विचार आपण आज रात्री आपापल्या घरी करावा.

शेवटी न्यासास एक नम्र सूचना. आपण विद्यार्थ्यांस पुस्तके देतो, आजाऱ्यांस मदत देतो. तशीच न्यासाच्या कचेरीत एक वही ठेवावी. कोणाचे वृद्ध आईबाप कोणत्या देशी आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, इकडे त्यांचे कोण आहे, एवढीच नोंद. आणि ज्यांस कागद वाचता येत नाहीत त्यांस ते वाचून दाखविणारा एखादा तरुण. खर्च फारसा नाही. साथ पुन्हा येवो न येवो, युद्ध किंवा दुसरे काही आले, तरी त्या वहीचा उपयोग होईल. आमच्याकडून होईल ती मदत, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात, आम्ही आनंदाने करू.