गुरगुरणाऱ्या कुत्र्याला काय झालंय?



गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, शेळ्या-कोंबड्यांच्या लसी यावर पुष्कळ बोलतो. दारातल्या कुत्र्याचा विषय मात्र कधी निघत नाही. त्याचं दूध विकता येत नाही, त्याच्यावर कर्ज मिळत नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे झालं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आतल्या बाजूला आमची नारळ-सुपारीची वाडी. काळ्या तिथलाच, आठ वर्षांचा. एका संध्याकाळी ओट्यावरून उडी मारली आणि तो मोठ्याने केकाटला. बघितलं तर रक्त नाही, जखम नाही. वाटलं, पाय मुरगळला असेल. दुसऱ्या दिवशी तो लाकडांच्या खोपीत जाऊन बसला. पाठीची कमान केलेली, अंग थरथरतंय, भाकरीला तोंड लावेना. माझा नऊ वर्षांचा मुलगा लाडाने त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेला आणि काळ्या एकदम उलटला. मनगटाला दात लागला, रक्त आलं.

खोटं कशाला सांगू? मी हातातला खराटा त्याच्या पाठीत घातला. दुखत होतं तेही तिथेच, हे मला नंतर कळलं.

शेजारीपाजारी जमले. एक म्हणाला, "पिसाळलाय, खाडीपलीकडे सोडून या." सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल." गटातल्याच एक काकी धावत आल्या आणि स्वतःची कंबरदुखीची गोळी माझ्या हातावर ठेवली. "भाकरीत घालून दे गं, लगेच उतार पडेल." बोलणारे सगळे आपलेच, मनाने चांगले. पण यातलं एकही ऐकलं असतं, तर पस्तावायची वेळ आली असती.

आधी मुलाकडे वळू. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग लगेच सरकारी दवाखाना. रक्त आलं होतं, म्हणून लशीबरोबर जखमेत सिरमचं इंजेक्शनही दिलं. पुढच्या तारखा आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवल्या आणि एकही चुकवली नाही. कुत्रं घरचं आहे, दुखतं म्हणून चावलं असेल, असं म्हणून लस टाळायची नाही. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली, की जवळजवळ कुणी वाचत नाही. आणि काळ्याची वर्षाची लस आमच्याकडून राहून गेली होती, ही चूक आमचीच.

आता काळ्याचं. आमच्या यांनी त्याला खोपीतच ठेवून दार लावलं, पाणी आत सरकवलं. सकाळी १९६२ या पशुसंवर्धनाच्या फोन नंबरवर विचारून त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. उचलताना पोटाखाली हात घातला नाही. चादर पसरून त्याच्याखाली सरकवली आणि चौघांनी चार टोकं ताणून धरली. डॉक्टरांनी जपून पाठीवरून बोटं दाबत नेली. एका जागी तो ताठ झाला आणि ओरडला. मणक्यांमधली चकती सरकल्याची ही लक्षणं, असं ते म्हणाले. कुत्र्याला चालेल असं वेदनाशामक दिलं आणि चार आठवडे बंद जागेत विश्रांती सांगितली. उडी नाही, पायरी नाही. चावला होता, म्हणून दहा दिवस वेगळा ठेवून नजर ठेवायला सांगितलं.

काकींची गोळी दाखवली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बरं झालं दिली नाहीत." माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. साधी पॅरासिटामॉलसुद्धा त्याला विषासारखी ठरू शकते. आपल्या म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडं तुम्हाला ठाऊक असतील. देशातली गिधाडं झपाट्याने कमी झाली, कारण डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत. म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. आपल्या गुडघ्याला आराम देणारं औषध दुसऱ्या जिवाला मारू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या किनाऱ्यावर कुत्रं अचानक बदलायला आणखीही कारणं असतात. पायात कालवाच्या शिंपेची धार, तोंडात अडकलेला गळ, कानात गोचीड, गोचीडतापाने दुखणारे सांधे, फुरशाचा दंश. मागचे पाय ओढत असेल, लघवी होत नसेल, कुठे सूज चढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, असं दिसलं की आपल्याला वाटतं घशात मासळीचा काटा अडकला. काढायला हात घालू नका. रेबीजमध्येही अगदी असंच दिसतं. दुखणं की रेबीज, हे घरी बसून ओळखता येत नाही. माणसांना दूर ठेवा, डॉक्टरांना बोलवा.

दहा दिवस गेले, काळ्या ठीक राहिला, आमचा जीव भांड्यात पडला. महिन्याने तो नीट चालू लागला. पण वागणं लगेच सुधारलं नाही. खराटा दिसला की तो पडवीच्या कोपऱ्यात दडायचा. मुलगाही त्याला भ्यायचा. मग आम्ही ठरवलं, मागून जायचं नाही, समोरून नाव घेऊन जायचं. झोपलेला असला तर उठवायचं नाही. मुलगा चार हातांवर बसून अभ्यास करायचा, हात लावायचा नाही. दोन महिन्यांनी काळ्या आपणहून उठला आणि त्याच्या पायाशी येऊन टेकला. पाठीवर हात ठेवलेला मात्र त्याला अजूनही आवडत नाही. आम्ही तो हट्ट धरत नाही.

आपली कंबर धरते तेव्हा आपणही भांडी आपटतो. घरचे म्हणतात, "हिला झालंय काय?" आणि उत्तराची वाट न बघता निघून जातात. त्या मुक्या जिवाच्या बाबतीत मीही तेच केलं.

तेव्हा येत्या बैठकीत एक काम करा. वहीच्या शेवटच्या पानावर वस्तीतल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव आणि रेबीजच्या लशीची तारीख लिहा. तारीख नसेल तर गटाच्या पशुसखीला सांगून एकाच दिवशी सगळ्यांना लस द्यायची सोय करा. आमच्या वहीत पहिलं नाव काळ्याचं आहे.