ट्रॅक्टर तापला तर काय कराल?

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात दिलेले भाषण)



हरभरा निघाला, गहू निघाला, खळी आटोपली, की आपल्याकडे उन्हाळी नांगरटीची घाई सुरू होते. विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. जमीन दगडासारखी कडक झालेली असते. त्यातच एका ट्रॅक्टरवर चार-चार जणांची शेते अडून बसलेली असतात. नेमक्या ह्याच दिवसांत ट्रॅक्टर तापतो. म्हणून आज ह्या एकाच विषयावर बोलणार आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागे माझ्या भागातल्या एका गावी भर दुपारी नांगरट चालू होती. ट्रॅक्टरवर मालकाचा पुतण्या होता, वीस-बावीस वर्षांचा. काटा लाल खुणेवर गेला, समोरून वाफ निघू लागली. त्याने इंजिन बंद केले, गळ्यातला दुपट्टा रेडिएटरच्या झाकणावर टाकला आणि झाकण फिरवले. उकळते पाणी कारंजासारखे उसळले. उजवा हात आणि मानेची एक बाजू भाजली. महिनाभर तो घरी बसला आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. नंतर मिस्त्रीने पाहिले तर बिघाड काय निघाला? रेडिएटरच्या जाळीत हरभऱ्याचे कुटार बसले होते. एवढेच! दहा मिनिटांत साफ होणारी गोष्ट.

तेव्हा काटा चढणे म्हणजे इंजिनने आपल्याला मारलेली हाक आहे. ती वेळेवर ऐकली तर खर्च थोडा, नाही ऐकली तर फार.

इंजिन थंड कसे राहते?

डिझेल जळाले की उष्णता होते. इंजिनच्या भोवती पाणी खेळते, ते ही उष्णता घेते. वॉटर पंप हे पाणी रेडिएटरमध्ये ढकलतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून पाणी उतरते, पंखा समोरून हवा ओढतो, आणि पाणी थंड होऊन परत इंजिनकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन गार असते तोवर ती बंद राहते. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे तापले की उघडते.

रेडिएटरचे झाकणही साधे नसते. ते दाब धरून ठेवते. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जाते, तसेच इथे होते. दाबाखाली पाणी शांत दिसते. झाकण उघडताच दाब जातो आणि सगळे एकदम उकळून वर येते. कुकरची शिटी पडल्याशिवाय झाकण कोणी उघडत नाही. मग रेडिएटरचे का उघडावे?

काटा वर चढला तर

पहिली गोष्ट, नांगर उचला, भार कमी करा, ट्रॅक्टर सावलीला घ्या. पाणी गळत नसेल, वाफ निघत नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. मंद गतीवर चार-पाच मिनिटे चालू ठेवा. पंप आणि पंखा चालू राहिल्याने आतली उष्णता बाहेर निघते. काटा खाली येत नसेल तर मात्र बंद करा.

वाफ निघत असेल, पाणी वाहून गेले असेल, पट्टा तुटला असेल किंवा तेलाचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा. "एवढे तास मारून घेतो" म्हणू नका. त्या एका तासात पिस्टन धरला तर इंजिन उतरवावे लागते आणि पेरणी तोंडावर येते.

मग थांबा. निदान अर्धा-पाऊण तास. वरच्या रबरी नळीला हात लावून पाहा; हात सुखाने टिकला तरच झाकणाला हात घाला. जाड फडके धरा, तोंड बाजूला ठेवा, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा आणि उरलेला दाब जाऊ द्या. मगच पूर्ण काढा.

तापलेल्या इंजिनमध्ये विहिरीचे गार पाणी कधीही ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखे होते; हेड किंवा ब्लॉक तडकतो. इंजिन निवल्यावर ते मंद चालू करून पाणी हळूहळू भरा.

आणि कोणी भाजलेच, तर भाजलेल्या जागी साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. डॉक्टरकडे न्या.

दोष कसा शोधाल?

स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा. मिस्त्रीला बोलावण्याआधी एवढे स्वतः बघा.

१) जाळी आणि रेडिएटर : कुटार, भुसा, कुसळे अडकली आहेत का? कंप्रेसरची हवा किंवा पाण्याचा साधा झोत इंजिनच्या बाजूने समोरच्या बाजूला मारा, म्हणजे कचरा आला तसा बाहेर जातो. फार जोराचा झोत जवळून मारू नका, पातळ पत्र्या वाकतात. थ्रेशर चालवताना ट्रॅक्टर अशा बाजूला उभा करा की वाऱ्याने भुसा त्याच्यावर येणार नाही.

२) पाणी : सकाळी इंजिन गार असताना पातळी पाहा. रोज कमी होत असेल तर ते कुठे जाते ते शोधा. नळ्या, क्लिपा, पंपाखालचे छिद्र आणि रेडिएटरचा तळ तपासा.

३) पंख्याचा पट्टा : मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. ढिला असेल तर घसरतो. फार ताणला तर पंपाचे बेअरिंग जाते. भेगा पडल्या असतील तर बदला.

४) पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण : दुरुस्तीच्या वेळी काढलेले पुष्कळदा परत बसवलेच जात नाही. ते नसेल तर पंखा हवा नीट ओढत नाही.

५) झाकण : रबर चिरलेले, स्प्रिंग सैल असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. नवे घ्या, पण त्याच दाबाचे.

६) भार आणि तेल : चुकीचा गिअर, ताकदीपेक्षा मोठा नांगर, धरून राहणारे ब्रेक, कमी झालेले इंजिन ऑइल ह्यांनीही इंजिन तापते.

एवढे करूनही तापत असेल तर थर्मोस्टॅट पाहावा. तो काढून दोरीने गरम पाण्याच्या भांड्यात सोडा. पाणी तापत गेले की झडप उघडताना दिसली पाहिजे. नाही उघडली तर बदला. "काढूनच टाका साहेब, कटकट जाईल," असे सांगणारे भेटतात. तसे करू नका. इंजिन नेहमी गार राहिले तर डिझेल जास्त लागते आणि झीजही वाढते.

गार असताना झाकण काढून इंजिन चालू केले आणि पाण्यात सारखे बुडबुडे आले, किंवा ऑइलच्या पट्टीवर ताकासारखे पांढुरके तेल दिसले, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव आहे. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका, जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

पाणी कोणते भरावे?

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांना हे जास्त सांगावे लागते. विहिरीचे, बोअरचे खारे पाणी रेडिएटरला चालत नाही. चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तसा तो आतल्या नळ्यांत बसतो. पाणी फिरते, पण उष्णता घेत नाही. वरून रेडिएटर स्वच्छ, आतून मात्र चोंदलेला.

उत्तम म्हणजे कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट वापरा. ते पुष्कळदा निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी असे मिसळतात. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. कूलंटने गंज आणि थर दोन्ही रोखले जातात. अडीअडचणीला पावसाचे स्वच्छ, गाळून झाकून ठेवलेले पाणी चालेल. पुस्तकात दिलेल्या मुदतीने जुने पाणी खालच्या तोटीतून काढा, आतला भाग स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या आणि नवे भरा. हे सगळे इंजिन गार असताना.

एक इशारा. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, नालीत किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नका. जनावर प्यायले तर हाताचे जाईल. लहान मुलांपासूनही डबा दूर ठेवा.

काही ट्रॅक्टर हवेने थंड होणारे असतात. त्यांत रेडिएटर नसतो. त्यांच्या सिलिंडरवरच्या पत्र्या आणि हवेचा मार्ग रोज साफ ठेवला पाहिजे.

बंधूंनो, बैल दमला की आपण त्याला सावलीला सोडतो, पाणी दाखवतो. तो बोलत नाही, पण आपल्याला कळते. ट्रॅक्टरला तर काटा दिलेला आहे. काम करताना अधूनमधून त्याच्याकडे नजर टाकायची सवय ठेवा, आणि घरातल्या पोरांना ट्रॅक्टर हाती देण्याआधी झाकणाची ही गोष्ट जरूर सांगा.

लक्षात ठेवा

• रोज सकाळी : पाणी, ऑइल, जाळी.
• दर आठवड्याला : पट्टा, नळ्या, क्लिपा.
• मळणीच्या दिवसांत : जाळी दिवसातून दोन-तीनदा साफ.
• गरम इंजिनचे झाकण उघडू नये, त्यात गार पाणी ओतू नये.