ओला हात, अनवाणी पाय आणि वीज
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तोच स्टार्टर, तीच वायर. उन्हाळ्यात हाताला नुसत्या मुंग्या आल्या, मग पावसाळ्यात माणूस जागच्या जागी कसा गेला?

उत्तर आपल्या कातडीत आहे. शरीराच्या आत पाणी आणि क्षार असल्याने वीज सहज वाहते. तिला अडवते ती वरची कोरडी कातडी. घट्टे पडलेल्या कोरड्या हाताचा विरोध १ लाख ओहमपर्यंत असू शकतो. तोच हात ओला झाला की विरोध हजाराच्या आसपास उतरतो. आता हिशेब करा. २३० व्होल्टला १ लाखाने भागले तर प्रवाह येतो सुमारे २ मिलीअँपिअर, म्हणजे मुंग्या. हजाराने भागले तर २३०. हृदयाची लय बिघडायला ५० ते १०० मिलीअँपिअर पुरतात.

काहीजण म्हणतात, फ्यूज उडेल की! ५ अश्वशक्तीची मोटर चालतानाच ७-८ अँपिअर घेते. माणूस मारणारा पाव अँपिअर फ्यूजच्या गावीही नसतो. त्यात आपण तिथे जाड तार बांधलेली! माणसासाठी ३० मिलीअँपिअरला तुटणारा अर्थ लिकेज सर्किट ब्रेकर लागतो.

वीज हातातून शिरते आणि पायातून जमिनीत जाते. वाटेत छाती येते. रात्री पाणी देताना चिखलात अनवाणी उभे राहून स्टार्टर दाबणे म्हणजे ही वाट स्वतः मोकळी करून देणे. स्टार्टरखाली कोरडी फळी ठेवा, पायात रबरी बूट घाला. 'विजेने ओढून धरले' असे आपण म्हणतो, पण वीज ओढत नाही. १०-१५ मिलीअँपिअरला स्नायू आवळतात आणि मूठच उघडत नाही.

बैलाचे दुखणे वेगळे. तुटलेली तार जमिनीवर पडली की तिच्यापासून दूर जाताना जमिनीतला दाब उतरत जातो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, आणि मधे हृदय. म्हणून धनी वाचतो, बैल पडतो. अशा वेळी ढांगा टाकू नका. पाय जुळवून, घासत बाहेर या.

कोणी चिकटलाच तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर घरगुती दाबाच्या तारेवरून कोरड्या लाकडाने सोडवा. उच्च दाबाच्या तारेजवळ मात्र जाऊच नका. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत.