खेळ मुलांचा, किल्ली कोणाकडे?

(आपल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)

आजचा विषय काहींना पोरकट वाटेल, पण त्यातला प्रश्न मोठ्यांचा आहे. मुलं ज्या संगणकावर खेळतात, त्यावरच आपल्यापैकी अनेकजण टॅक्स भरतात, भारतातली बँकखाती बघतात, क्वचित ऑफिसचं कामही करतात. त्या संगणकाची किल्ली कोणाकडे आहे, एवढंच मला विचारायचं आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. साधा प्रोग्रॅम भाडेकरूसारखा, आपल्या खोलीपुरता वावरतो. कर्नलमध्ये शिरलेला प्रोग्रॅम घरातलं कुठलंही दार उघडू शकतो; तो कोसळला तर घरही कोसळतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, ते तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता म्हणूनच.

ऑनलाइन खेळांत लबाडी करून देणारी सॉफ्टवेअर विकत मिळतात, आणि त्यातली काही कर्नलमध्ये लपतात. त्यांना पकडायला 'अँटी-चीट'ही तिथेच गेलं. रायट कंपनीचं व्हॅनगार्ड २०२० मध्ये व्हॅलोरंटबरोबर आलं. विंडोजवर ते संगणक सुरू होतानाच जागं होतं, मग खेळ चालू असो वा नसो. हेतू रास्त आहे. पण २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की गेनशिन इम्पॅक्टचा अधिकृत अँटी-चीट ड्रायव्हर वापरून रॅन्समवेअरवाल्यांनी अँटीव्हायरसच बंद पाडला. त्यासाठी तो खेळ त्या संगणकावर असण्याचीही गरज नव्हती.

मग लिनक्स का नको? १९९३ पासूनच्या वाइन प्रकल्पावर व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन उभारलं. विंडोजच्या खेळाच्या मागण्या ते लिनक्सला समजतील अशा करून देतं. हजारो खेळ त्यावर उत्तम चालतात. अडतं ते बहुधा अँटी-चीटपाशी, कारण विंडोजचा कर्नल-ड्रायव्हर लिनक्समध्ये बसत नाही. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत असे. ऑक्टोबर २०२४ अखेरीस कंपनीने ते दार लावलं. कारण दिलं, की लिनक्सच्या मोकळेपणामुळे लबाडी पकडणं अवघड जातं.

कंपनी 'सुरक्षा' म्हणते ती खेळाची. आपण ऐकतो ती आपल्या संगणकाची. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्या एक नव्हेत, आणि पहिलीसाठी दुसरी पणाला लावायची का, हे कंपनीने परस्पर ठरवू नये.

माझा मुलगा म्हणतो, "आई, सगळे तेच खेळतात." ते खोटं नाही. इथे मुलांचा कट्टा आता खेळातच भरतो. बंदी घातली तर मूल एकटं पडेल. म्हणून आमच्या घरी खेळाचा संगणक वेगळा ठेवला आहे. त्यावर बँक नाही, टॅक्स नाही, ऑफिसचा व्हीपीएन नाही, वायफायही पाहुण्यांसाठीचं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवणार असाल, तर लिनक्सचा भाग एन्क्रिप्ट करा; नाहीतर विंडोजच्या कर्नलमधला प्रोग्रॅम तोही वाचू शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र खेळ नकोच.

आणि परवानगी मागणारी खिडकी उघडली, की 'येस' दाबण्याआधी मुलांना विचारा: हा प्रोग्रॅम कुठवर जाणार, कधी जागा असणार, काढता येईल का? उत्तरं त्यांनाच शोधू द्या. आपल्यापेक्षा लवकर सापडतील.

आता तुमचे अनुभव ऐकायला मी उत्सुक आहे.