भरतीची वेळ आणि बाळंतपणाची तारीख

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें खाडीपलीकडे भाट्ये गांव आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोंकणकिनाऱ्यावरील जुना हिशेब : अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. चंद्रसूर्यांची गति नियमबद्ध असल्यामुळें हा हिशेब फारसा चुकत नाहीं. याच गांवीं १९५५ सालीं स्थापन झालेल्या नारळ संशोधन केंद्राच्या बागेंत मात्र निराळा प्रकार दिसतो. पोय उमलल्यापासून नारळ पक्व होण्यास सुमारें बारा महिने लागतात. परंतु अमुक नारळ अमुक तारखेसच तयार होईल, असें कोणताही जाणता बागाईतदार सांगणार नाहीं. बाळंतपणाची तारीख भरतीच्या जातीची नसून नारळाच्या जातीची आहे. आणि घरोघरीं गल्लत होते ती नेमकी येथेंच.

ही तारीख काढण्याचा प्रचलित नियम नेगेले (१७७८–१८५१) या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसांत सात दिवस मिळवावे व नऊ महिने पुढें जावें. पाळी १ जून रोजीं आली असेल, तर तारीख ८ मार्च येते. म्हणजे सुमारें २८० दिवस. या गणितांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत : पाळी दर २८ दिवसांनीं येते, आणि गर्भधारणा चौदाव्या दिवसाच्या आसपास होते. ज्या स्त्रीची पाळी ३५ दिवसांची, तिची तारीख सहजच आठवडाभर पुढें जाते. शिवाय पाळीचा दिवस पुष्कळदां नीट स्मरत नाहीं.

बरें, गर्भधारणेचा दिवस अचूक कळला तरी प्रश्न सुटत नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत स्त्रीबीज सुटल्याचा दिवस तपासणीनें ठरविला होता. तरीही अकालीं प्रसूति वगळून उरलेल्या गर्भकालांत ३७ दिवसांपर्यंत अंतर आढळलें. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी त्यांतल्या त्यांत विश्वसनीय. तिच्यांतही पांच-सात दिवसांची चूक संभवते. पुढें प्रत्येक गर्भाची वाढ निराळ्या गतीनें होत असल्यामुळें ही चूक वाढत जाते. म्हणूनच आरंभीं नीट ठरविलेली तारीख डॉक्टर प्रत्येक सोनोग्राफीगणिक बदलीत नाहींत.

परिणाम असा कीं, नेमक्या दिलेल्या दिवशीं जन्मणारीं मुलें शंभरांत चार-पांचच. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यापासून बेचाळीस आठवड्यांपर्यंत प्रसूति केव्हांही होऊं शकते. वरील उदाहरणांत हा काळ १५ फेब्रुवारीपासून २२ मार्चपर्यंतचा. ८ मार्च हा त्यांतला एक दिवस.

हें न जाणल्यानें दोन्ही बाजूंनीं हानि होते. मुंबईस नोकरी करणारा पिता नेमकी ८ मार्चची रजा काढतो आणि बाळ फेब्रुवारींतच येतें. रात्रीं वाहन शोधण्यासाठीं धांवाधांव होते. उलटपक्षीं ९ मार्च उजाडतांच माहेरीं आलेल्या मुलीस ‘अजून कसें नाहीं?’ या प्रश्नांनीं हैराण केलें जातें, जणूं चूक तिचीच!

तेव्हां तयारी दिवसाची नव्हे, काळाची करावी. सदतिसावा आठवडा पुरा होण्याच्या आंत कपडे, कागदपत्रें, वाहन आणि सोबतीचें माणूस ठरलेलें असावें. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरांत प्रत्येकास ठाऊक असावा. त्यापूर्वीं कळा आल्या, किंवा केव्हांही पाणी अथवा रक्त गेलें, तर वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. तारीख उलटली म्हणून घाबरूं नये. पण स्वस्थही बसूं नये. एकेचाळीस आठवड्यांनंतर बाळास धोका हळूहळू वाढूं लागतो. म्हणून पुढें किती थांबावयाचें, हें तपासणी करून डॉक्टरांनींच ठरवावें. बाळाची हालचाल मंदावली, तर तारखेकडे न पाहतां त्याच दिवशीं तपासणी करून घ्यावी.