आपला राग कुणासाठी?



मित्रमैत्रिणींनो, 'पडद्यावरचा मुसलमान' हा आजचा विषय. यावर बोलायला सांगितलं की आपल्याकडे तक्रारींची यादी तयार असते. एक तर आपण बॉम्ब ठेवणारे असतो, नाहीतर नायकासाठी जीव ओवाळून टाकणारे दोस्त. 'जंजीर'मधल्या शेरखानची यारी आपल्याला आवडते, मलाही आवडते. पण शेरखानच्या घरी कोण असतं, तो रात्री एकटा असताना काय विचार करतो, हे त्या सिनेमाला विचारावंसं वाटत नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती आपण करत राहिलंच पाहिजे. आज मात्र मी उलट्या बाजूने सुरुवात करणार आहे. आपल्यातल्याच एका मुलाने आपल्याबद्दल मालिका केली, तेव्हा आपण तिच्याकडे कसं बघितलं, याबद्दल बोलणार आहे.

मालिकेचं नाव 'रामी'. अमेरिकेत हुलूवर २०१९, २०२० आणि २०२२ असे तिचे तीन भाग आले. रामी युसूफ हा इजिप्शियन आईवडिलांचा, न्यू जर्सीत वाढलेला विनोदी कलाकार. त्यानेच ती सहकाऱ्यांबरोबर रचली आणि रामीचं कामही त्यानेच केलं. त्यासाठी २०२० च्या जानेवारीत त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. मी शेवटापर्यंतचं सांगणार आहे, त्यामुळे ज्यांनी बघितली नाही त्यांची आधीच माफी मागते.

माझ्या भाच्याने ती मला दाखवली. पहिल्याच भागात मशिदीत वजू करताना एक बुजुर्ग रामीला टोकतात, की पायाच्या बोटांच्या बेचक्यात पाणी नीट गेलं नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. असे चाचा आपल्या प्रत्येक मशिदीत आहेत. ते न्यू जर्सीतही आहेत, हे बघून बरं वाटलं. पण चार-पाच भाग झाल्यावर भाच्याने लॅपटॉप बंद केला. म्हणाला, "खाला, पुढे नको. हा आपली पार इज्जत घालवणार. कॉलेजातल्या पोरांनी हे बघितलं तर काय म्हणतील?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रामी हा मुलगा आवडण्यासारखा नाहीच. तो नमाज पढतो, दारूला शिवत नाही, अल्लाहवर त्याचं मनापासून प्रेम आहे. पण मुलींच्या बाबतीत स्वतःला आवर घालणं त्याला जमत नाही. या रमजानला आपण सुधारायचंच, असं ठरवतो आणि त्याच रमजानमध्ये मशिदीत येणाऱ्या एका विवाहित बाईशी त्याचं प्रकरण सुरू होतं. मनाला शांती मिळावी म्हणून कैरोला जातो आणि तिथे नात्यातल्या अमानीत गुंततो. प्रत्येक वेळी त्याला पश्चात्ताप होतो. तो पश्चात्ताप खोटा नसतो, पण तो झाला की गडी पुन्हा मोकळा.

त्याच्या घरात बहीण आहे, डीना. भाऊ रात्री कधीही घरी येतो, त्याला कुणी विचारत नाही. डीना बाहेर निघाली की सतरा प्रश्न. आई आहे, मेसा. हियाम अब्बास या पॅलेस्टिनी अभिनेत्रीने तिचं काम केलं आहे. मुलं मोठी झाल्यावर रिकाम्या घरात जीव रमेना, म्हणून ती भाड्याने गाडी चालवायला लागते, प्रवाशांशी बोलायला मिळावं म्हणून. या दोघींच्या वाट्याला मालिकेने स्वतंत्र भाग दिले आहेत. रामीला मात्र या दोघी नीट दिसतच नाहीत. तो स्वतःच्या रूहच्या काळजीत असतो.

दुसऱ्या भागात त्याला शेख अली भेटतात. महेर्शाला अली या अभिनेत्याने त्यांचं काम केलं आहे. शांत, प्रेमळ, पण कडक माणूस. रामी त्यांचा मुरीद होतो, त्यांची मुलगी झैनब हिच्याशी त्याचा निकाह ठरतो. झैनब सरळ मनाची, धर्मावर निष्ठा असलेली मुलगी. आणि निकाह झाल्यावर, पहिल्या रात्री, रामी तिला सांगतो, की लग्नासाठी आलेल्या अमानीशी आपले संबंध आले.

इथे विनोद संपतो. झैनब कोसळते. शेख अलींसारख्या माणसाचाही संयम सुटतो आणि ते रामीला दूर करतात. रामीला वाटत असतं, मी खरं बोललो, म्हणजे नेक काम केलं. पण हे खरं त्याने निकाहच्या आधी सांगितलं असतं, तर झैनबला 'कबूल' म्हणायचं की नाही, हे ठरवता आलं असतं. त्याने कबुली दिली ती स्वतःचं ओझं उतरवायला, आणि ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं.

भाच्याने लॅपटॉप बंद केला तरी मी नंतर एकटीने पुढचं सगळं बघितलं. हा प्रसंग बघून झाल्यावर बराच वेळ मला झोप आली नाही. त्याचं कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा दिसायला चांगला, कमावता, जुम्याला पहिल्या सफमध्ये. त्याची पहिली बायको मारहाणीला कंटाळून निघून गेली होती, हे मोहल्ल्यातल्या चार-पाच वडीलधाऱ्यांना माहीत होतं. कुणी मुलीच्या घरच्यांना सांगितलं नाही. मलाही कानावर आलं होतं, अर्धवट. मी विचार केला, आपल्याला पक्कं काय माहीत? कशाला कुणाचं जुळत असलेलं मोडा? मी गप्प बसले. आठ महिन्यांनी ती मुलगी माहेरी आली. तिच्या अब्बांनी त्या वडीलधाऱ्यांना विचारलं, की तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? उत्तर मिळालं, "दुसऱ्याचे ऐब झाकावेत, असा आपला दीन सांगतो." पुढे असंही म्हणाले, की आधीच लोक आपल्याला नावं ठेवतात, त्यात आपणच आपलं वाभाडं कशाला काढायचं?

ऐब झाकावेत, हे खरंच आहे. गीबत करू नये, हेही खरं. पण सहीह मुस्लिममधली एक हदीस तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. फातिमा बिन्त कैस यांना मुआविया आणि अबू जहम अशा दोघांकडून मागणी आली. त्यांनी प्रेषितांचा सल्ला विचारला. प्रेषितांनी दोघांचे ऐब झाकले नाहीत. मुआविया यांच्याकडे पैसा नाही, आणि अबू जहम यांच्या खांद्यावरची काठी खाली येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अनेक आलिम या काठीचा अर्थ, ते बायकांना मारतात, असा लावतात. मग प्रेषितांनी उसामा बिन झैद यांचं नाव सुचवलं. हे दोघं काही परके नव्हते, त्यांच्याच सोबतीतले होते. तरी जिचं आयुष्य पणाला लागलं होतं, तिला खरं कळण्याचा हक्क मोठा ठरला. याच आधारावर इमाम नववींसारख्या आलिमांनी लग्नाच्या सल्ल्याला गीबतीतून वगळलं आहे.

म्हणजे आमच्या मोहल्ल्यात जे झालं ते ऐब झाकणं नव्हतं. एका माणसाची लाज झाकायला एका मुलीला उघड्यावर सोडलं होतं. आणि त्यात मीही होते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे परत येते. 'लोक काय म्हणतील?' रामीवर आपल्याला राग येतो, पण तो कशाचा? त्याने आपली बदनामी केली याचा, की त्याने झैनबचं वाटोळं केलं याचा? मी माझ्या ओळखीतल्या तरुणांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी आधी बदनामीचंच नाव घेतलं. झैनबचं नाव मुलींनी काढलं. त्यातली एक मुलगी म्हणाली, "रामी मला नवा नाही हो. माझ्या भावासारखाच आहे." ती वर्गात पहिली येते, पण पुढच्या शिक्षणाला पुण्याला पाठवायला घरचे तयार नाहीत. भाऊ मात्र दोनदा नापास होऊनही पुण्यातच आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न जुना आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यात सात मुस्लिम महिला होत्या. फक्त सात. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. दलवाईंची सगळी मतं तुम्हाला पटलीच पाहिजेत असं नाही, मलाही पटत नाहीत. पण समाजाची बदनामी करतो हा आरोप त्यांच्यावर आयुष्यभर झाला. त्या सात जणींवर काय गुजरलं, हे आधी विचारावं, असं फार थोड्यांना वाटलं. 'ही वेळ नाही' असं तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणतात. आजची वेळ कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. घर भाड्याने मागताना आडनाव सांगितलं की काय होतं, हे तुम्ही मला सांगायला नको. तरी त्या मुलीला सांगण्याची वेळ निकाहच्या आधीचीच होती. ती आमच्या सोयीसाठी थांबली नाही.

एक सावधगिरीही सांगते. वाईट माणूस पडद्यावर दाखवला, म्हणजे बघणाऱ्याला आपोआप शहाणपण येतं, असं नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर काळ्यांना, ज्यूंना, सगळ्यांना नावं ठेवणारा. लोकांनी त्याला हसावं आणि स्वतःचे पूर्वग्रह ओळखावेत, हा हेतू. १९७४ मध्ये व्हिडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास छापला. त्यात दिसलं, की ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीचंच म्हणणं जास्त पटत होतं. मालिका एकच, पण प्रत्येकाने आपल्या मनातलंच त्यात बघितलं.

'रामी'चंही तसं होऊ शकतं. आपला द्वेष करणारा म्हणेल, बघा, हे असेच असतात. आपल्यातला एखादा मुलगा म्हणेल, चला, माझ्यासारखा आणखी एक आहे, म्हणजे चालतंय. आणि या मालिकेत मुस्लिम बायका बऱ्याचदा रामीच्या चुकांपुरत्याच येतात, ही टीका मुस्लिम स्त्रियांनीच केली आहे. ती मला बरीचशी बरोबर वाटते. म्हणून मालिका चांगली की वाईट, याचा निकाल देऊन मी तुम्हाला मोकळं करणार नाही. बघितल्यावर एकमेकांशी काय बोलता, त्यावर बरंच ठरतं.

चांगलं दिसण्याचा भार आपल्या पिढ्यांनी फार वाहिला. बाकीच्यांना चुकायची मुभा असते, त्यांचा चुकार मुलगा फक्त त्यांच्या घरचा असतो. आपला चुकार मुलगा मात्र सगळ्या कौमचा होतो. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध बोलायचंच. पण त्या भीतीपोटी आपण घरातल्या झैनबला गप्प करत असू, तर तो दुसरा अन्याय आपल्या हातून होतो.

भाच्याने पुढचे भाग महिनाभराने बघितले. झैनबचा प्रसंग झाल्यावर त्याने फोन केला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "खाला, तिला आधी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो बेटा." माहेरी आलेल्या त्या मुलीची गोष्ट मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली, माझ्या गप्प बसण्यासकट. त्याआधी मी तिच्याकडेही जाऊन आले होते. माफी मागितली. तिने चहा दिला, माफीबद्दल ती काही बोलली नाही. तिला तो हक्क आहे.

आता गटचर्चेला बसाल, तेव्हा एवढंच करा. रामी कसा आहे, यावर पाच मिनिटं बोला. उरलेला वेळ डीना, मेसा आणि झैनबवर बोला. आणि गटातल्या मुलींना आधी बोलू द्या.